अंड्यात काय आहे?

कोंबडीला उपवासकाळ कळत नाही. ईस्टरच्या अंड्यामागे नवजीवन, पुनरुत्थान, उघडी कबर असे मोठे अर्थ सांगतात आणि ते मला मान्यही आहेत. पण त्या सगळ्याच्या आधी एक हिशेब होता. मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती माणसाला राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांस तर वर्ज्य होतंच, शिवाय दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. माणसं उपास करत होती आणि कोंबड्या आपलं काम चोख करत होत्या. त्यातून वसंतात दिवस मोठा झाला की कोंबडीला जास्तच हुरूप येतो. खाणारे बंद आणि आवक वाढलेली! ईस्टरच्या सकाळी घराघरांत अंड्यांचा ढीग. मग ती रंगवा, वाटा, पोरांच्या हाती द्या, टेकाडावरून गडगडत सोडा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंडी रंगवण्या-मढवण्यासाठी १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. राजवाड्यातसुद्धा साठा होताच म्हणायचा.

आमच्या वसईतल्या घरात हा साठ्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही. फक्त आता अंडी प्लॅस्टिकची आहेत. टोरोंटोहून मुलीने पिशवीभर पाठवली, मधोमध उघडणारी, निळी, गुलाबी, पिवळी, पोपटी. तिकडे सण उलटला की ती अर्ध्या किमतीला मिळतात, आणि अर्ध्या किमतीची पाटी पाहून जो पुढे जाऊ शकतो तो आमच्या घराण्यातला नव्हे. पिशवी आली ती पोटमाळ्यावर गेली. २०२४ साली ती खाली उतरली, कारण नात अडीच वर्षांची झाली होती आणि सूनबाईंनी पवित्र सप्ताहासाठी घरच्या घरी करायच्या ‘ॲक्टिव्हिटीं’ची यादी काढली होती.

यादी फ्रिजवर चिकटवली होती. पहिल्याच ओळीत ससा. कागदी ताटलीचा ससा, कापसाची शेपटी. मी विचारलं, “हा इथे कुठून आला?” सूनबाई म्हणाल्या, “पप्पा, ईस्टरला ससाच असतो.” आता चारही शुभवर्तमानांत गाढव आहे, कोंबडा आहे, मासे आहेत, ससा कुठेही नाही. हा गृहस्थ जर्मन. १६८२ साली गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाऊ नावाच्या डॉक्टरने ईस्टरच्या अंड्यांवर एक लॅटिन प्रबंध लिहिला, त्यात तिकडच्या लोकांच्या या अंडी घालणाऱ्या सशाचा उल्लेख आहे. डॉक्टरसाहेबांना मुख्य काळजी होती ती अंडी अती खाल्ल्याने काय होतं याची. पुढे जर्मन कुटुंबं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेली, त्यांच्याबरोबर ससा गेला, आणि तिथून तो चॉकलेटचा होऊन जगभर फिरला. फ्रान्समध्ये त्याची डाळ शिजली नाही. तिथे अंडी आणण्याचं काम चर्चच्या घंटांकडे आहे. स्वित्झर्लंडच्या काही भागांत कोकीळ आणते. ऑस्ट्रेलियात सशांनी शेतं इतकी फस्त केली आहेत की तिथले काही लोक ईस्टरला चॉकलेटचा बिल्बी करतात. बिल्बी म्हणजे लांब कानांचा, पिशवीवाला एक स्थानिक प्राणी.

म्हणजे ज्याने-त्याने आपापल्या परिसरातला उमेदवार उभा केला आहे. मग वसईने का मागे राहावं? मुंगूस आहे, खार आहे. मी नातीलाच विचारलं, “अंडं कोण आणतं?” ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “काऊ.” तिने आदल्याच आठवड्यात कावळ्याला शेजारच्या खुराड्यातून अंडं नेताना पाहिलं होतं. नेणं आणि आणणं यांतला फरक तिच्या लेखी किरकोळ होता. तरीही ससा झालाच. शेपटीचा कापूस नातीने तोंडात घातला, तो काढण्यात सगळ्यांचा अर्धा तास गेला, आणि यादीतल्या पहिल्या ओळीवर बरोबरची खूण पडली.

त्या वर्षीचं पंचांग मोठं रंगतदार होतं. आमच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ असतं आणि मला ते वाचायची सवय आहे. झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला. दुसऱ्या दिवशी धुळवड. पवित्र गुरुवारी तिथीने शिवजयंती. शनिवारी रंगपंचमी, आणि रविवारी, ३१ मार्चला ईस्टर. पुष्कळांना हा योगायोग वाटतो. तो तसा नाही. इ. स. ३२५ मध्ये निकायाच्या धर्मसभेने ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असं ठरवलं, आणि पुढे जो नियम रूढ झाला तो असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये हिंडत असतो. आता त्या दिवसांत पौर्णिमा येणार म्हणजे ती फाल्गुनातली तरी असणार नाहीतर चैत्रातली. होळीचा चंद्र, नाहीतर हनुमान जयंतीचा! २०२३ साली हनुमान जयंती पवित्र गुरुवारीच आली होती. ज्या चंद्राखाली शेजारी होळीला नारळ टाकतात त्याच्याच हिशेबाने आम्ही अंडी उकडायला ठेवतो, हे मी सूनबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी यादीकडे बोट दाखवून विचारलं, “यात अडीच वर्षांच्या मुलीला करण्यासारखं काय आहे?” काही नव्हतं. रात्री मी नातीला कडेवर घेऊन चंद्र दाखवला. तिने त्याला टाटा केला.

झावळ्यांच्या रविवारी मात्र आमच्या गावाला कुणाकडून काही शिकायचं नसतं. शहरातल्या चर्चना पाती मागवाव्या लागतात. इथे परसातल्या माडावर कोयता चालवला की झालं. आशीर्वादलेली पाती घरी येतात, त्यांचे क्रूस विणले जातात, वर्षभर देवघराशी राहतात, आणि पुढच्या वर्षी जाळून त्यांचीच राख कपाळावर येते. उरलेल्या पातींची पिपाणी, भिंगरी, घड्याळ, साप. हे सगळं मला येतं आणि त्याचा मला रास्त अभिमान आहे. मी नातीच्या मनगटावर पातीचं घड्याळ बांधलं. तिने ते सोडवलं आणि पात उभी फाडायला सुरुवात केली. टर्र. पुन्हा टर्र. माडाची पात शिरेच्या बाजूने फाडली की एकसारखी फाटत जाते, आणि बोटांच्या चिमटीला जो जोर लागतो तोच पुढे पेन्सिल धरायला कामी येतो. सूनबाईंच्या यादीत ‘सूक्ष्म स्नायूंचा विकास’ असा एक भारदस्त मथळा होता. तो परसात फुकट चालला होता.

आमच्याच पालघर जिल्ह्यात, वर डहाणूकडे, बोर्डी आणि कोसबाड आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे कोण आणणार? त्यांनी पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले, खडे यांचीच साधनं केली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली. हे वाचलेलं असल्यामुळे मला यादीतल्या चकाकीच्या पेनांबद्दल थोडी अढी आहे. चकाकी फरशीवर सांडली की ती पुढल्या नाताळापर्यंत तळपायाला लागत राहते, हा त्या अढीचा दुसरा भाग.

अंडी रंगवण्याचा कार्यक्रम शनिवारी होता. बाहेर रंगपंचमी. शेजारच्या पोराने उदार मनाने उरलेल्या रंगाची पुडी कुंपणावरून आत दिली. सूनबाई म्हणाल्या, “हा कपड्यांना चालेल, पोटाला नाही,” आणि त्याबाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. अंड्याचं कवच सच्छिद्र असतं. वर लावलेला रंग आत उतरतो. सुदैवाने मराठी स्वयंपाकघर हे रंगशाळाच आहे. हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात अंडं पिवळंजर्द होतं. कांद्याच्या सुक्या पापुद्र्यांनी विटकरी, तांबूस. ग्रीसमध्ये आणि पूर्वेकडच्या चर्चच्या इतर देशांत ईस्टरची अंडी लालच रंगवतात, आणि तिथल्या आज्याही हे पापुद्रे साठवून ठेवतात. बीटाने गुलाबी. आणि खरी जादू लाल कोबीची : पाणी दिसतं जांभळं, अंडं निघतं निळं. कोबीचा रंग आम्लात तांबडा होतो आणि अल्कात निळा, आणि अंड्याचं कवच म्हणजे चुन्याचाच प्रकार. प्रत्येक पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं, म्हणजे कवच किंचित खरवडलं जाऊन रंग धरतो. अंडं टाकताच त्याच्याभोवती बारीक बुडबुडे येतात. मला हे बघायला इतकं आवडलं की नातीला बघायला जागा मिळेना.

तिचं काम अंडं पेल्यात सोडण्याचं. सोडणं तिला येतं; हळू सोडणं येत नाही. पहिली दोन तडकली. तडकलेल्या अंड्यात हळद आत शिरून भेगांचं सुरेख जाळं उठलं, आणि बाकीची नीट रंगलेली अंडी त्याच्यापुढे अगदीच शहाण्या मुलांसारखी दिसू लागली. मग रंग ओळखण्याची परीक्षा. “हे कुठलं?” “पिवळं.” “आणि हे?” निळ्यावर बोट. “पिवळं.” गुलाबीही पिवळं. सूनबाईंचा चेहरा पडला. पण या वयाची मुलं आधी एवढंच शिकतात की ‘कुठला रंग’ म्हटलं की रंगाचं नाव द्यायचं असतं. कुठलं नाव कुठल्या रंगाला, ही पुढची पायरी. अंकांचंही तेच. नात “एक, दोन, तीन, पाच” असं ठणठणीत म्हणते. “मला तीन अंडी दे” म्हटलं की ओंजळभर आणून देते. बालमानसशास्त्रज्ञ नेमकी हीच परीक्षा घेतात, आणि अडीच वर्षांचं मूल सहसा ओंजळच देतं. तीन मागितल्यावर मोजून तीनच देणारा माणूस घडायला अजून वर्ष-दीड वर्ष जावं लागतं. मला तर घाई नाही.

प्लॅस्टिकच्या अंड्यांचे खुळखुळे चांगले झाले. दोनांत तांदूळ, दोनांत तूरडाळ, दोनांत चिंचोके. हलवून सारख्या आवाजाच्या जोड्या लावायच्या. माँटेसोरीच्या आवाजाच्या डब्या असतात, त्याच चालीवर. पण इथे मला विनोद बाजूला ठेवून आजोबाच्या अधिकाराने बोलावंसं वाटतं. अंडी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. डाळ नाकात जाते, चिंचोका घशात. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं ठरवून दिलेलं आहे, साधारण ३२ मिलिमीटर तोंडाचं. त्यात जी वस्तू अख्खी मावते ती त्या वयासाठी बाद. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, मार्शमेलो, टणक गोळ्या चार वर्षांच्या आत नकोत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ईस्टरच्या टोपलीत नेमकं हेच सगळं असतं. ती टोपली ज्याने भरायची पद्धत पाडली त्याने अडीच वर्षांचं मूल जवळून पाहिलेलं नसावं. चॉकलेटची अंडी आम्ही बाद केली ती दुसऱ्या कारणाने : कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मार्चअखेरीचं वसईचं अंगण त्याला सहज गाठतं.

माझी स्वतःची भर यादीत एकच होती, आणि ती घंटांची. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताच्या वेळी घंटा वाजतात, आणि मग थेट शनिवार रात्रीच्या मिस्सेतल्या ग्लोरियापर्यंत वाजत नाहीत. मधल्या काळात गरज पडली तर लाकडावर लाकूड आपटून टकटक करायची. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात की घंटा उडून रोमला गेल्या आहेत आणि परतताना अंडी टाकत येतील. मी नातीला तेच सांगितलं, रोमच्या जागी ‘लांब’ म्हणून. मग नियम केला : शुक्रवारी फक्त लाकूड वाजवायचं. पोळपाट, लाटणं, पाट, रवी. धातूला हात लावायचा नाही. रविवारी सकाळी ताटं, झाकणं, वाट्या, काय हवं ते. लाकडाचा आवाज आणि पितळेचा आवाज कानाने ओळखायला याहून चांगली शाळा मला सुचली नाही. आजींनी त्या दिवशी स्वयंपाकसुद्धा झाकण न आपटता केला, हे माझ्या संसारातलं एक नवल. शुक्रवार छान गेला. नात लाटण्याने पाट बडवायची आणि मग ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प करायची. शनिवारी रंगपंचमीचे स्पीकर लागले. तिने कान टवकारले आणि जाहीर केलं, “घंटा आल्या!” लांबून येणाऱ्या त्या घंटांवर एक बऱ्यापैकी जुनं कोळीगीत चाललेलं होतं. मी म्हटलं, “नाही, अजून वाटेत आहेत.”

अंड्याच्या अर्ध्या कवचात माती घालून मेथी पेरणं हाही चांगला प्रयोग, आणि आम्हा वसईकरांना नवा नाही. नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरायची सवय आहे. मेथी दोन-तीन दिवसांत डोकं वर काढते, म्हणून गुरुवारी पेरली. नातीने सकाळी पाणी घातलं, दुपारी घातलं, संध्याकाळी घातलं, आणि शुक्रवारी दाणा उकरून आला का ते पाहिलं. पुन्हा पुरला. पुन्हा उकरला. धान्याचा दाणा मातीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही असं योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो. दाण्याला दर दोन तासांनी वर काढून त्याची विचारपूस केल्यास काय होतं, ते तिथे दिलेलं नाही. रविवारी तीन कवचांत हिरवं दिसलं. ती तिन्ही आजींनी वरच्या फळीवर लपवून ठेवलेली होती.

मार्झिपानबद्दल थोडं सविस्तर, कारण तो माझ्या आवडीचा विषय. मुंबईत वांद्र्याच्या बेकऱ्यांत आणि गोव्यात ईस्टरच्या आठवड्यात मार्झिपानची अंडी मांडलेली असतात, वर आयसिंगची बारीक फुलं, पोरांची नावं. मूळ पदार्थ बदामाचा. आपल्याकडे बदामाच्या भावाने माणसाला शहाणं केलं आणि काजू आला. चवीच्या बाबतीत मला त्याबद्दल कुणाची माफी मागावीशी वाटत नाही. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक, गुलाबपाणी. मंद आचेवर ढवळत राहायचं, गोळा कडा सोडू लागला की उतरवायचा. गार झाला की मळून, रबराच्या साच्याला किंचित साखर लावून, दाबायचा. लहान मुलाला देण्यासारखी माती यापेक्षा चांगली नाही : मऊ, सुवासिक, आणि तोंडात गेली तरी कुणी किंचाळत नाही. (काजू-बदाम पचतात की नाही, अंगावर काही उठतं का, हे आधी थोडं देऊन पाहिलेलं असावं.) नातीला साचा दिला, मासा आणि टोपली असे दोन आकार दाखवले. तिने आकार बाजूला ठेवून लाडू वळायला घेतले. तिच्या तळहातात मावतील एवढे, एकसारखे नाहीत, पण लाडूच. आजी म्हणाल्या, “रक्त बोलतंय.” मी तिच्या कलेची चव घेत होतो, म्हणून वादात पडलो नाही.

रविवारी अंडी शोधण्याचा खेळ. अमेरिकेत व्हाइट हाउसच्या हिरवळीवर १८७८पासून ईस्टरच्या सोमवारी मुलं अंडी गडगडवतात. आधी ती संसदेच्या हिरवळीवर जमत, तिथे गवत खराब होतं म्हणून मज्जाव झाला, तेव्हा अध्यक्ष हेज यांनी आपलं अंगण उघडलं. आमच्या अंगणात गवत नाही, मुंग्या आहेत. म्हणून खरी अंडी ताटात राहिली आणि प्लॅस्टिकची लपवली. मी मनापासून लपवली : आंब्याच्या बेचक्यात, पायपुसण्याखाली, सायकलच्या टोपलीत. नातीने एक शोधलं, अबोलीच्या कुंडीतलं, जे आजींनी तिच्या डोळ्यांदेखत ठेवलं होतं. आनंदाने किंचाळली. मग ते आजींना परत दिलं आणि कुंडीकडे बोट दाखवलं. आजींनी पुन्हा तिथेच ठेवलं. ती तोंड फिरवून उभी राहिली, वळली, धावली, सापडलं! तसाच आनंद. पुन्हा. आंब्याच्या बेचक्याकडे मी तिचं लक्ष वेधलं तर तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

लपवलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असतेच, हे माणसाला जन्मतः ठाऊक नसतं. ज्याँ पियाजेने स्वतःच्या तीन मुलांपुढे वस्तू झाकून, काढून, दुसरीकडे ठेवून त्यांचं हे शिकणं टिपलं होतं. अडीच वर्षांच्या मुलाला ते आता कळलेलं असतं, पण नव्या गाडीची चावी मिळाल्यावर माणूस उगाच चार फेऱ्या मारतो तशी ती मजा अजून ताजी असते. मोठ्यांना शोधण्यात अनपेक्षिताची हौस असते. तिला हवं होतं ते अपेक्षित, आणि ते अपेक्षेप्रमाणे भेटणं. बेचक्यातलं अंडं मीच पावसाळ्याआधी काढीन.

यादीतली शेवटची ओळ सूनबाईंची खास होती. अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांत बारा अंड्यांचा एक संच वापरतात. एकेका अंड्यात येशूच्या शेवटच्या दिवसांची एकेक खूण : गाढव, चांदीची नाणी, काटा, खिळा, दगड. आणि बारावं अंडं रिकामं, कारण कबर रिकामी होती. आमच्याकडे बाराचा धीर नव्हता. काटा आणि खिळा अडीच वर्षांच्या हातात देणार कोण? चार अंडी केली. पातीचा तुकडा, पावाचा तुकडा, लाकडी क्रूस, आणि रिकामं. सगळे रिकाम्याची वाट पाहत होतो. सूनबाईंनी मोबाइल उभा धरला होता. टोरोंटोला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी मुलगी पडद्यावर जागी होती.

पात बाहेर आली. पाव बाहेर आला आणि पोटात गेला. क्रूस आजींनी अलगद काढून घेतला. मग चौथं अंडं. नातीने उघडलं. आत पाहिलं. दुसऱ्या अर्ध्यात पाहिलं. खाली पाहिलं, सांडलं की काय म्हणून. सूनबाई हळूच म्हणाल्या, “बघ, नाही ना इथे? येशू उठला!” नातीने त्यांच्याकडे पाहिलं, अंडं बंद केलं, आणि माझ्या हातात दिलं. मी उघडलं. मला काय म्हणावं सुचेना, म्हणून म्हटलं, “अरे, काहीच नाही!” ती खदखदून हसली. अंडं काढून घेतलं, बंद केलं, आजींना दिलं. आजींनी उघडलं. “अगंबाई, काहीच नाही!” पुन्हा हसू. मग तिची आई, मग बाप, मग पडद्यावरची आत्या, जिला अंडं मोबाइलच्या काचेवर आपटून दाखवण्यात आलं. भरलेल्या अंड्यांकडे तिने नंतर ढुंकून पाहिलं नाही. सूनबाई मला म्हणाल्या, “तिला अर्थ कळला नाही.” मी म्हटलं, “मला साठ-पासष्ट ईस्टर झाले, मी कधी त्यावर इतका हसलो नाही.” त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात फादर घरं आशीर्वादायला येतात. आमच्या गल्लीतली घरं त्यांनी एका संध्याकाळी घेतली होती आणि ते घड्याळाकडे पाहतच आत आले. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडलं, आजींनी मार्झिपानची बशी पुढे केली. तेवढ्यात नात आली आणि तिने त्यांच्या हातात पोपटी अंडं ठेवलं. फादरांनी कौतुकाने उघडलं. आत पाहिलं आणि, रविवारी याच विषयावर चांगली वीस मिनिटं बोललेला माणूस असूनही, ते गडबडून म्हणाले, “यात काही नाही की!” नात इतकी हसली की खाली बसली. मग फादरही हसले. तिने अंडं घेतलं, बंद केलं, आणि पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

पलीकडच्या घरची मंडळी दारात मेणबत्ती लावून उभी होती. त्यांच्याकडे फादर पोचेपर्यंत दुसरी मेणबत्ती लावावी लागली.